माझदा एमएक्स-५ ओळखावी कशी, निवडावी कशी: चार पिढ्यांची वाट, नवख्यांसाठी

आमच्या सांगलीत माझदा हे नाव ठाऊक होतं ते स्वराज माझदामुळे. शाळेची बस, वऱ्हाडाची गाडी, बाजार समितीत माल उतरवणारा टेम्पो, सगळ्यांवर तेच नाव. त्या नावातल्या जपानी अर्ध्याने जगात सगळ्यात जास्त खपलेली दोन आसनांची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार घडवली, हे मला इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर कळलं. शेजारच्या गल्लीत एक लाल, बुटकी गाडी उभी असायची. संध्याकाळी तिचे हेडलाइट बॉनेटमधून वर यायचे, आणि मी काम सोडून खिडकीशी जायचे.

ही गाडी भारतात कंपनीने कधीच अधिकृतपणे विकली नाही. बाहेरून जुनी आणायची म्हटली तर साधारणपणे ३ वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आयात करता येत नाही, आणि नवीवरचं शुल्क डोळे पांढरे करणारं असतं. म्हणून हा लेख मुख्यतः दोघांसाठी आहे. एक, ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जपान अशा ठिकाणी राहणारे आणि अशी एखादी गाडी घ्यावी असं मनात असलेले. दुसरे, घरबसल्या या गाडीचा प्रवास नीट समजून घेऊ पाहणारे. दोघांनी एकाच क्रमाने जावं. आधी ओळख, मग निवड, मग पारख.

पायरी १: नावांचा गुंता सोडवा

एकाच गाडीला तीन नावं आहेत. युरोप आणि ऑस्ट्रेलियात ती एमएक्स-५, अमेरिकेत मियाता, जपानमध्ये रोडस्टर. जपानमध्ये सुरुवातीला माझदाची युनोस नावाची वेगळी विक्री साखळी होती, म्हणून तिथली पहिली पिढी युनोस रोडस्टर म्हणून विकली गेली. ब्रिटनमध्ये जपानहून आणलेल्या अशा पुष्कळ युनोस फिरतात. जाहिरातीत तिन्ही नावं शोधा, नाहीतर निम्म्या गाड्या नजरेतून सुटतील.

मियातावेडे मात्र नावाने बोलत नाहीत, चेसीच्या, म्हणजे सांगाड्याच्या, सांकेतिक अक्षरांनी बोलतात. एनए, एनबी, एनसी, एनडी या चार पिढ्या. एनए १९८९ पासून, एनबी १९९८ पासून, एनसी २००५ पासून, एनडी २०१५ पासून. ही चार अक्षरजोडं पाठ झाली की कुठल्याही मेळाव्यात तुम्ही परके राहत नाही.

पायरी २: मूळ कल्पना डोक्यात बसवा

ही पायरी गाळून थेट अश्वशक्तीच्या आकड्यांवर जाऊ नका. आकडे पाहून ही गाडी कळत नाही, कारण ती आकड्यांसाठी बनलेलीच नाही.

१९७९ साली बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराची हिरोशिमात केनिची यामामोतो यांच्याशी गाठ पडली. यामामोतो म्हणजे माझदाचं रोटरी इंजिन (वरखाली होणाऱ्या पिस्टनऐवजी आत गोल फिरणारा भाग असलेलं) उभं करणारे अभियंते, पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले. पुढची गाडी कोणती बनवावी, असा विषय निघाला. हॉल यांना जपानी येत होतं. त्यांनी सांगितलं की ब्रिटिशांसारखी साधी, हलकी, उघड्या टपाची गाडी करा, कारण तशी आता कोणी करत नाही. त्यांचं म्हणणं लवकरच खरं ठरलं. १९८० मध्ये एमजी बी बंद झाली, ट्रायम्फ स्पिटफायरही त्याच साली थांबली. यामामोतो यांनी पुढे हाकोनेच्या डोंगरी रस्त्यावर एक स्पिटफायर चालवून पाहिली आणि ती कल्पना त्यांच्या मनात रुजली.

हॉल १९८१ साली माझदाच्या कॅलिफोर्नियातल्या गटात दाखल झाले. कंपनीत मग दोन चमूंची चुरस लागली. टोकियोच्या चमूने पुढच्या चाकांवर चालणारी एक आणि इंजिन मध्यभागी असलेली एक अशा रचना मांडल्या. कॅलिफोर्नियाचा चमू मात्र इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना या जुन्या मांडणीवर ठाम राहिला आणि तीच निवडली गेली. पहिला चालता नमुना इंग्लंडमध्ये वर्दिंग इथे तयार करून घेतला होता. १९८५ मध्ये तो सांता बार्बराच्या रस्त्यांवर फिरवला, तेव्हा लोक चौकशी करत मागे लागले.

प्रकल्पप्रमुख तोशिहिको हिराई यांनी सगळ्या चमूसमोर एकच शब्द ठेवला: जिनबा इत्ताई, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. धावत्या घोड्यावरून बाण सोडणाऱ्या तिरंदाजांच्या परंपरेतला हा शब्द. तिरंदाजाचे दोन्ही हात धनुष्यात गुंतलेले असतात, लगाम हातात नसतो, घोड्याला अंगाच्या हालचालीतूनच कळावं लागतं. गाडीने चालकाचं असं ऐकावं, ही अपेक्षा. आणि त्याची पहिली अट म्हणजे वजन कमी. चारही पिढ्या या एका कसोटीवर लावून बघा, कुठे काय जमलं आणि कुठे हातचं सुटलं ते तुमचं तुम्हाला दिसेल.

पायरी ३: एनए, १९८९ ते १९९७

१९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. अमेरिकेतली सुरुवातीची किंमत १३,८०० डॉलर. १.६ लिटरचं इंजिन, अमेरिकेत ११६ अश्वशक्ती, जपानी मोजमापाने १२० पीएस. हे वाचून कोणी म्हणेल, यात स्पोर्ट्स काय? पण जपानी गाडीचं वजन होतं सुमारे ९४० किलो. वजन इतकं कमी असलं की लहान इंजिनही मनासारखं उचल घेतं, ब्रेकना कमी कष्ट पडतात, टायर कमी झिजतात आणि वळणावर गाडी ओढल्यासारखी न जाता स्वतःहून वळते.

खालच्या रचनेत दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वरखाली दोन बाहूंनी धरणारं सस्पेन्शन दिलं, जे त्या काळी महागड्या गाड्यांत असायचं. दुसरी गोष्ट म्हणजे गियरबॉक्सला मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलशी जोडणारी ॲल्युमिनियमची लांब चौकट. तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात. इंजिनपासून मागच्या आसापर्यंतचा सगळा जोर एका ताठ कण्याने बांधला गेल्यामुळे ॲक्सिलरेटर दाबला की मधे पीळ पडत नाही, ताकद तत्काळ चाकाला पोचते. ही चौकट चारही पिढ्यांनी सांभाळली आहे. मला विचाराल तर गाडीचा खरा वंशवारसा हाच, रूप नव्हे.

रूपही काही कमी नाही. टॉम मातानो, मार्क जॉर्डन, वू-हुआंग चिन, कोइची हायाशी यांचा कॅलिफोर्नियातला चमू आणि जपानमध्ये अखेरचा हात फिरवणारे शुंजी तानाका. तानाका स्वतः जपानच्या पारंपरिक नो नाट्याचे मुखवटे कोरायचे. प्रकाश ज्या कोनातून पडेल तसा त्या मुखवट्याचा भाव पालटतो. एनएच्या बोनेटवर सकाळचं आणि संध्याकाळचं ऊन पडलेलं बघा, तोच गुण तिथे सापडेल. तिचा मागचा दिवा तर न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे.

१९९३ मध्ये १.८ लिटरचं इंजिन आलं. गाडी जरा जड झाली, सांगाड्याला जादा पट्ट्या लागल्या, ताकदही वाढली. सुरुवातीची हलकी १.६ चांगली की नंतरची १.८, हा वाद आजही संपलेला नाही. मी १.६ च्या बाजूची आहे. तिचं इंजिन वर चढताना जसं मोकळं गातं, तसं १.८ चं गात नाही.

पायरी ४: एनबी, १९९८ ते २००५

हिचं पहिलं दर्शन १९९७ च्या टोकियो प्रदर्शनात झालं. प्रकल्पप्रमुख ताकाओ किजिमा. पहिल्या गाडीच्या सस्पेन्शनवर काम केलेला माणूस असल्यामुळे त्यांनी मूळ सांगाडा न बदलता तोच घट्ट केला. वर उठणारे हेडलाइट गेले आणि स्थिर, लांबट गोल दिवे आले. पुष्कळांचं मन तिथेच मोडलं. पण नाकाच्या टोकावरच्या मोटारी आणि बिजागऱ्या गेल्या, म्हणजे नेमकं जिथे वजन नको तिथलंच वजन गेलं. कापडी टपाला मागे प्लॅस्टिकऐवजी खरी काच आली, तीही गरम करता येणारी. थंडीच्या देशात राहणाऱ्याला हिची किंमत कळते.

१९९९ मध्ये दहाव्या वर्षानिमित्त ७,५०० गाड्यांची निळी खास आवृत्ती निघाली, तिच्यात सहा गियर होते. पुढच्या बदलात १.८ ला झडपांची वेळ बदलणारी यंत्रणा मिळाली. अमेरिकेत २००४ आणि २००५ मध्ये टर्बो लावलेली माझदास्पीड विकली गेली, १७८ अश्वशक्तीची. आणि २००० साली गिनीज बुकाने ५,३१,८९० गाड्यांच्या आकड्यानिशी हिला सर्वाधिक खपाची दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून नोंदवलं.

पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त आनंद देणारी पिढी हीच, असं माझं मत आहे. एनएला आता संग्राहकांचा भाव आला, एनबी अजून माणसात आहे.

पायरी ५: एनसी, २००५ ते २०१५

हिला नावं ठेवणारे खूप. रूप फुगीर, उंची जास्त, आणि वजन जपानी गाडीतही ११०० किलोच्या जवळ. पण २००५ मध्ये टक्कर-सुरक्षेचे नियम १९८९ सारखे राहिले नव्हते. एअरबॅग, जाड दारं, मोठे ब्रेक, सगळं बसवायचं होतं, आणि गाडीचा सांगाडाही पूर्णपणे नवा होता. अशा वेळी गाडी दोनशे-तीनशे किलोंनी फुगणं सहज शक्य होतं. किजिमा यांच्या चमूने तेव्हा ग्रॅमची मोहीम चालवली: प्रत्येक सुटा भाग उचलून विचारायचं, यातून किती ग्रॅम निघतील. आतल्या आरशाची रचना सोपी करून ८४ ग्रॅम वाचवले. सोनाराच्या तराजूवर मोटार तोलावी तसं हे काम. तिला जाड म्हणणाऱ्यांना मी हा आरसा दाखवते.

इंजिन २ लिटरचं, काही देशांत १.८ सुद्धा. मागचं सस्पेन्शन मल्टिलिंक, म्हणजे अनेक दांड्यांचं, झालं. २००६ मध्ये विजेवर घडी होणारा टणक टप आला, तो १२ सेकंदांत मिटतो आणि डिकीची जागा खात नाही. २००९ च्या सुधारणेत मॅन्युअल गाडीच्या २ लिटर इंजिनाची लाल रेघ, म्हणजे इंजिन फिरवण्याची कमाल मर्यादा, मिनिटाला ७५०० फेऱ्यांवर गेली. घ्यायचीच तर ही सुधारित एनसी घ्या. उंच माणसाला चारही पिढ्यांत सगळ्यात आरामात हीच सामावते.

पायरी ६: एनडी, २०१५ पासून पुढे

कंपन्या प्रत्येक पिढीत गाडी फुगवत जातात, हे आपण सगळीकडे बघतो. एनडी उलट दिशेला गेली. लांबी ३९१५ मिलिमीटर, म्हणजे पहिल्या एनएपेक्षाही कमी. जपानमधल्या साध्या एस आवृत्तीचं वजन ९९० किलो. २५ वर्षांच्या सुरक्षा नियमांचं ओझं अंगावर घेऊनही ती एनएपेक्षा जेमतेम ५० किलोंनी जड आहे. मोटार उद्योगात असं क्वचितच घडतं.

प्रकल्पप्रमुख नोबुहिरो यामामोतो १९९१ ची ल मांची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझदाच्या ७८७बी या गाडीच्या रोटरी इंजिनावर काम केलेले. रूपकार मासाशी नाकायामा. वजन गेलं ते एका जादूने नाही. बॉनेट, डिकीचं झाकण, पुढचे मडगार्ड ॲल्युमिनियमचे केले. एनसीला चाकावर पाच बोल्ट होते, ते परत चारवर आणले. इंजिनही लहान केलं, जपानमधल्या कापडी टपाच्या गाडीत १.५ लिटर, १३१ पीएस. अमेरिकेत मात्र २ लिटरच गेलं.

२०१६ साली हिला वर्ल्ड कार ऑफ द इयर आणि वर्ल्ड कार डिझाइन ऑफ द इयर हे दोन्ही मान एकाच वेळी मिळाले. त्याच वर्षी २२ एप्रिलला चारही पिढ्या मिळून दहा लाखावी गाडी तयार झाली. आरएफ ही टणक टपाची आवृत्तीही त्याच वर्षीची. तिच्यात टपाचा मधला तुकडा मिटतो, मागचे दोन उतरते खांब मात्र जागेवर राहतात. दिसायला सुंदर, पण उघड्या गाडीचं वारं हवं असेल तर कापडी टपच घ्या.

एनडीच्या आतही टप्पे आहेत. २०१८ मध्ये २ लिटर इंजिनाचे पिस्टन प्रत्येकी २७ ग्रॅम आणि कनेक्टिंग रॉड प्रत्येकी ४१ ग्रॅम हलके केले. त्यामुळे इंजिन ७५०० फेऱ्यांपर्यंत जाऊ लागलं आणि ताकद १६० वरून १८४ पीएसवर पोचली. स्टेअरिंग पुढेमागे सरकवता येऊ लागलं. २०२१ च्या अखेरीस जपानमध्ये ९९०एस ही आवृत्ती निघाली आणि तिच्यासोबत वळणावर आतल्या मागच्या चाकाला अलगद ब्रेक लावून गाडी जमिनीशी धरणारी यंत्रणा आली. २०२३ च्या सुधारणेत नवं डिफरन्शियल आणि नवे दिवे. फियाट १२४ स्पायडर ही एनडीचीच इटालियन बहीण, तीही हिरोशिमातच बनायची, पण तिचं टर्बो इंजिन फियाटचं.

पायरी ७: रस्त्यावर ओळखण्याचा सराव

बॉनेटमधून उठणारे दिवे आणि दारावर बोटभर क्रोमची मूठ दिसली तर एनए. स्थिर लांबट गोल दिवे आणि डिकीच्या कडेला बदकाच्या शेपटीसारखी उचल असेल तर एनबी. चाकांवर फुगलेल्या कमानी असतील तर एनसी. दिवे डोळे किलकिले केल्यासारखे अरुंद असतील तर एनडी. ब्रिटनमध्ये एनए पाठीमागून दिसली तर नंबरपाटीची खाच बघा. लांब खाच म्हणजे युरोपसाठी बनलेली, चौकोनी आखूड खाच म्हणजे जपानहून आलेली युनोस.

पायरी ८: तुमच्यासाठी कोणती

पहिला प्रश्न उंचीचा. एनए आणि एनबीचं स्टेअरिंग कुठेच हलत नाही. सहा फुटी माणसाचा गुडघा त्याला घासतो आणि टप बंद असताना डोकं कापडाला टेकतं. आकड्यांवर विसंबू नका, प्रत्यक्ष बसून बघा, टप लावून बघा.

दुसरा प्रश्न गाडी रोज वापरायची की फक्त रविवारी. रोज ऑफिसला न्यायची, पावसात, हमरस्त्यावर, तर एनसीचा टणक टप किंवा एनडी. रविवारी सकाळी चहाच्या थर्मासासकट डोंगरात जायचं, तर एनए किंवा एनबी.

तिसरा प्रश्न हाताला काम आवडतं का. एनए आणि एनबी या गाड्या शिकण्यासाठी फार चांगल्या. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात जातो, सुटे भाग मुबलक मिळतात, पान्यांचा साधा संच पुरतो. जपानमध्ये तर कंपनीनेच एनए पूर्ववत करून देण्याचं काम हाती घेतलं, आणि जुना कापडी टप, नार्डीचं लाकडी स्टेअरिंग, त्या मापाचे ब्रिजस्टोन टायर असे भाग पुन्हा बनवायला घेतले.

चाकं बदलायची हौस असेल तर एक खूणगाठ बांधा. एनए, एनबी, एनडीची चाकं चार बोल्टांची, एनसीची पाच बोल्टांची. एकीची दुसरीला बसतील असं धरून स्वस्तात चाकं घेऊन ठेवू नका.

पायरी ९: बघायला जाताना

इथे घाई करू नका. माझी पहिली गाडी मी घाईत घेतली. इंजिन गोड वाजत होतं, रंग चकचकीत होता, विकणाऱ्याने चहा पाजला. गालिचा उचलून बघायचं राहिलं. दोन महिन्यांनी तपासणीत दाराखालच्या पट्टीतून स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. वेल्डिंगला गाडीच्या किमतीच्या निम्मे पैसे गेले.

या गाडीचा शत्रू इंजिन नाही, गंज आहे. आणि तो बाहेरून आत येत नाही, आतून बाहेर येतो. कापडी टपाच्या मागे दोन्ही बाजूंना पाणी वाहून जाण्याच्या नळ्या आहेत. त्यांत पानं, माती, शेवाळ साचलं की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत शिरतं आणि तिथेच मुरतं. म्हणून मागच्या चाकाच्या लगेच पुढे, पट्टीच्या खालच्या कडेला, अंगठ्याने दाबत जा. फुगवटा, नवा रंग, पुट्टीचा वेगळा आवाज यांपैकी काहीही आढळलं की सावध व्हा. आसनामागचा गालिचा हाताने चाचपून ओला आहे का बघा. एनबीचा आणखी एक दुखरा भाग पुढे आहे, चेसीच्या पुढच्या पोकळ दांड्यांचा. तो गाडी उचलल्याशिवाय दिसत नाही. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशात तर गाडी उचलून दाखवल्याशिवाय पैसे द्यायचेच नाहीत.

ब्रिटनमध्ये असाल तर नंबरवरून एमओटी या वार्षिक सक्तीच्या तपासणीचा जुना इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतो. कोणत्या वर्षी किती मैल चालली होती, कोणत्या वर्षी गंजाचा इशारा दिला होता, सगळं तिथे असतं. जाण्याआधी घरूनच बघा, पेट्रोल वाचेल.

इंजिनाकडे आता. १९८९ ते १९९१ च्या सुरुवातीच्या १.६ मध्ये क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, टोक आखूड होतं, आणि पुलीचा बोल्ट सैल पडून ते टोक झिजायचं. खूण अशी की पुढच्या पुलीत चार खाचा असतील तर आखूड टोक, आठ असतील तर सुधारलेलं लांब. चार खाचांची गाडी वाईटच असं नाही, पण इंजिन चालू असताना पुली डगमगते का ते नीट न्याहाळा. एनए आणि एनबीला टायमिंग बेल्ट, म्हणजे झडपा वेळेवर उघडायला लावणारा पट्टा आहे, तो कधी बदलला याची पावती मागा. एनसी आणि एनडीला त्याजागी साखळी आहे. थंड एनए सुरू करताना झडपांकडून टिकटिक आली तर घाबरू नका. गरम होऊन थांबली की ठीक. क्लच पेडल मऊ लागलं तर खालचा छोटा सिलिंडर गळत असतो. तो स्वस्त भाग आहे, पण किंमत कमी करायला चांगलं कारण.

एनसीची तेलकाडी स्वतः काढून बघा. तेल कमी ठेवून चालवलेल्या गाडीचं इंजिन बसतं, आणि तेल संपत आलंय हे बऱ्याच मालकांना उशिरा कळतं. सुरुवातीच्या २ लिटर एनडीत गियरबॉक्सच्या तक्रारी आल्या होत्या, म्हणून तिथे गियरबॉक्स कधी बदलला का, हे विचारा.

पायरी १०: चालवून बघणे

आधी रेडिओ बंद करा. रिकाम्या वाहनतळावर पहिल्या गियरात हळू पूर्ण वळण घ्या, कुठे खटखट येते का ऐका. मग रस्त्यावर दुसऱ्या गियरात घाला. तेल थंड असताना थोडा कडकपणा सगळ्यांनाच असतो, पण गरम झाल्यावरही दुसरा गियर खर्रकन लागत असेल तर तो झिजलेला आहे. या गाडीच्या गियरचा दांडा आखूड आहे, मनगटाच्या झटक्याने खटका लागतो. तो आनंद ज्या गाडीत मिळत नाही ती नीट राखलेली नाही असं समजा.

ओळखीचं वळण निवडा. वळणाच्या आधी ब्रेक सोडा, स्टेअरिंग एकदाच, न झटकता फिरवा आणि हात स्थिर ठेवा. चांगल्या स्थितीतली एमएक्स-५ थोडी कलते, बाहेरच्या चाकांवर बसते आणि मग रेघ आखल्यासारखी बाहेर पडते. ते थोडं कलणं दोष नाही. टायरकडे किती पकड उरली हे ती त्यातून तुम्हाला सांगत असते. मागचा भाग सटकला, स्टेअरिंग एका बाजूला ओढलं किंवा सरळ रस्त्यावर गाडी भिरभिरली, तर चाकांचे कोन बिघडलेत. कोन नीट करून घेतले की जुनी गाडीही आश्चर्य वाटावं इतकी बदलते.

पायरी ११: घरी आणल्यावर पहिला रविवार

टप उघडायची रीत पिढीगणिक वेगळी आहे, आणि एनएच्या मालकाने ती चुकवली की नुकसान ठरलेलं. एनएत आधी मागच्या प्लॅस्टिक खिडकीची चेन उघडून ती आडवी पाडायची, मग पुढच्या काचेच्या चौकटीवरच्या दोन कळा सोडायच्या, मग टप मागे. खिडकी तशीच ठेवून टप मिटला तर प्लॅस्टिकला घडी पडते आणि काही दिवसांत तिथेच चीर जाते. थंडीत प्लॅस्टिक कडक असतं तेव्हा मुळीच घाई नको, गाडी उन्हात थोडी तापू द्या. एनबीला चेनची गरज नाही. एनसी आणि एनडीच्या कापडी टपाला मधे एकच कळ, आणि एनडीचा टप तर बसल्या जागेवरून एका हाताने मागे जातो. लाल सिग्नलला थांबल्यावर पाऊस आला तरी तो हिरवा व्हायच्या आत टप लागलेला असतो.

एनए किंवा एनबी असेल तर बॅटरी डिकीत असते. तिच्यातला वायू बाहेर नेणारी बारीक नळी जोडलेली आहे याची खात्री करा. नवी बॅटरी घेताना वायूनळीची सोय असलेलीच घ्या.

आणि त्याच दिवशी पाण्याच्या त्या दोन नळ्या साफ करा. टप अर्धा उचला, आसनामागच्या कोपऱ्यात हात घालून भोक शोधा. लवचिक, जाड नायलॉनची दोरी हळूहळू आत सरकवा. टोकदार तार नको, नळी फाटेल. मग बाटलीने थोडंथोडं पाणी ओतत एकाला मागच्या चाकापाशी वाकून बघायला सांगा. आधी काळपट गाळ येतो, मग पानांचे तुकडे, मग स्वच्छ पाणी. दोन्ही बाजूंनी ते सारख्याच वेगाने पडायला लागेपर्यंत ओतत राहा.